कुठल्या डावावर पडलास?

कोल्हापूर, सोमवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

गोव्याच्या हाफ ट्रायथलॉनहून, म्हणजे त्या पोहणं-सायकल-पळणं एकामागोमाग असलेल्या रेसहून, काल रात्री आलेला तुझा मेसेज तीनदा वाचला. एकूण वेळ सात तास सव्वीस मिनिटं, आणि खाली एकच ओळ : 'काका, सायकल विकतोय, गिऱ्हाईक असेल तर सांगा.' गिऱ्हाईक आहे. पण महिनाभर सांगणार नाही.

आधी शरीराचं. लघवी चहासारखी गडद होत असेल किंवा मांड्या सुजल्या असतील तर हे पत्र ठेव बाजूला आणि डॉक्टर गाठ. तसं काही नसेल तर दोन आठवडे ते सरावाचं घड्याळ कपाटात टाक. झोप, रंकाळ्याला पायी फेरी मार, आईच्या हातचं जेव. तांबड्या रश्श्याला माझी हरकत नाही.

आता रेसचं. आपल्या तालमीत फड हरून आलेल्या पोराला चांगला वस्ताद 'का हरलास' असं विचारत नाही. 'कुठल्या डावावर पडलास?' एवढंच विचारतो. पहिल्या प्रश्नाला पोरगं रडगाणं गातं. दुसऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरून घोटता येतं.

तू म्हणतोस, 'पळण्यात मेलो.' आठव्या किलोमीटरपासून चालत गेलास हे खरं. पण मी तुझे आकडे बघितले. 1.9 किलोमीटर पोहणं 44 मिनिटांत, समुद्रात, छान. सायकलचे पहिले 45 किलोमीटर ताशी 33 च्या वेगानं आणि पुढचे 45 ताशी 26 नं. म्हणजे पडलास तू सायकलवर. पाठ जमिनीला लागली ती पळताना. ते पहिले 45 कुणाला मागं टाकायला मारलेस, ते मला माहीत आहे. त्याचं नाव घेत नाही.

आणि खाल्लंस काय? सायकलच्या तीन तासांत दोन एनर्जी जेल आणि एक केळं. सगळं मिळून जेमतेम 75 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तासाला 25. एवढ्या लांबीच्या रेसला तासाला 60 तरी लागतात, पोटाला सवय असली तर 90 पर्यंत. सवय मात्र सरावातच लावावी लागते. रेसच्या दिवशी एकदम ओतलंस तर पोट उलटून पडेल. तुला दर रविवारी पन्हाळा चढून खाली मिसळ खायची सवय. घाटात सोबत खिशात काय असतं? काही नाही.

खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला कुस्तीत सहावे आले. ताकदीत कमी नव्हते. सगळी मेहनत मातीतली आणि तिथं समोर मॅट, नियमही परके. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनीच कांस्यपदक घेतलं. तुझी त्यांच्याशी बरोबरी लावत नाही, हवा डोक्यात जाऊ देऊ नकोस. पण तुझीही मॅट परकीच होती. तू सराव करतोस पहाटे पाचला, गार वाऱ्यात. तिथं पळायला उतरलास अकराच्या उन्हात, दमट किनाऱ्यावर. तिथं घाम नुसता निथळतो, वाळत नाही, त्यामुळं अंग थंड होत नाही. नाडी चढत जाते आणि पाय ऐकेनासे होतात. पायांना शिव्या देऊन उपयोग काय?

माझी पहिली रेस अशीच फसली होती. आल्या आल्या मी महागडी चाकं घेतली. पुढच्या रेसला त्याच चाकांवर, त्याच उपाशीपोटी, त्याच जागी गचकलो. बायको अजून ती किंमत ऐकवते.

म्हणून आज ना सायकल विकायची, ना चिडून पुढच्या वर्षीची फी भरायची. दोन आठवड्यांनी राजाराम तलावातल्या सरावाची आठवण नाही आली, तर सोड खुशाल. हौसेचा खेळ आहे, नोकरी नव्हे. कुणाला तोंड दाखवायला करायचा नाही. आठवण आली तर मात्र लगेच हाफच्या मागं लागू नकोस. आधी जवळपासची एखादी ऑलिंपिक अंतराची कर : दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं. तिथं वेळ बघायची नाही, सायकलचा दुसरा अर्धा पहिल्याइतकाच गेला का, एवढंच बघायचं.

यायचं ठरलं तर तिसऱ्या रविवारी ये. पहाटे नाही, अकराला. निघताना वजन करू, तासभर सायकल मारू, अंग पुसून पुन्हा वजन करू. जेवढं घटेल त्यात प्यालेलं पाणी मिळवलं की तासाला किती घाम जातो ते कळेल. किलोला साधारण लिटर. वजनकाटा माझ्याकडं आहे. तू गूळ-शेंगदाण्याचे लाडू आण, आणि ते घाटात खायचे आहेत, खाली उतरून नाही.

तुझा,
काका