‘द ओबेलिस्क गेट’ अर्ध्यात सोडू नकोस

पहिला भाग एका दमात संपवलास आणि इथे गाडी अडली ना? एन. के. जेमिसिन या लेखिकेच्या ‘ब्रोकन अर्थ’ या कल्पनारम्य कादंबरी-त्रयीतला 2016चा हा मधला भाग बऱ्याच जणांना संथ वाटतो. आधी सतत वाटचाल होती. आता नायिका एसून कास्ट्रिमात, जमिनीखालच्या स्फटिकांच्या वस्तीत, मुक्कामाला आहे. आणि तिचा जुना गुरू अलाबास्टर तिच्यासमोर हळूहळू दगड होत चाललाय.

एसूनची लेक नासून हिची प्रकरणं मात्र सावकाश वाच. ज्या आईसाठी पहिल्या भागात आपला जीव तुटला, तीच लेकीच्या नजरेतून किती कठोर दिसते! मला तर पुस्तक मिटून बसावं लागलं होतं. 2017चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्याचा मानाचा पुरस्कार, याच भागाला मिळाला, आणि योग्यच मिळाला. शब्द अडले तर मागची शब्दसूची उघड. तिसरा भाग हाताशी ठेव, मध्ये खंड पाडू नकोस.