तयार संगणक १००, सुटे भाग ८६: खरंच १४ वाचतात का?

प्रश्न: मी घरून तीन-चार छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिते. अलीकडे व्हिडिओ संपादनाची कामंही येऊ लागली आहेत. जुना संगणक विंडोज ११ घेत नाही. तयार डेस्कटॉपची किंमत १०० धरली, तर तेवढ्याच ताकदीचे सुटे भाग ८६ मध्ये मिळतात आणि भाचा जोडून देतो म्हणतो. संगणकासाठी १०० बाजूला काढले आहेत. दुसरीकडे असंही वाटतं, की तयार संगणक १२ टक्के सपाट व्याजाच्या बारा हप्त्यांवर घ्यावा आणि पैसे हातात ठेवावेत. काय करू?

उत्तर: आधी ते १४ मनातून काढून टाका. ते वाचत नाहीत.

तुमची यादी अशी आहे: प्रोसेसर १७, मदरबोर्ड १३, १६ जीबी रॅम ७, १ टीबी एसएसडी (फाइली साठवायची) ८, ग्राफिक्स कार्ड २९, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ५, कॅबिनेट ७. बेरीज ८६, चूक नाही. पण तयार संगणकाच्या १०० मध्ये विंडोजचं लायसन्स, कीबोर्ड-माउस आणि वायफाय धरलेलं आहे. तुमच्या यादीत यातलं एकही नाही. तुम्हीच दिलेल्या दरांनी लायसन्सचे ११, कीबोर्ड-माउसचे २ आणि वायफाय कार्डाचे २ मिळवले की १०१ होतात. म्हणजे जोडायला सुरुवात करण्याआधीच बचत संपली.

त्यात ५ चा एसएमपीएस मला मान्य नाही. संगणकातल्या प्रत्येक भागाला वीज त्याच्यातून जाते. हलका एसएमपीएस जळताना एकटा जळेलच असं नाही. मदरबोर्ड किंवा एसएसडीही सोबत नेऊ शकतो, आणि तुमच्या बाबतीत एसएसडी म्हणजे तीन-चार व्यवसायांचे हिशेब. डब्यावर ‘८० प्लस’ लिहिलेलं असतं ते कार्यक्षमतेचं माप आहे, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती वाया जाते एवढंच त्यातून कळतं. जास्त भार, विजेचा जास्त दाब आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, ते वेगळं पाहा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा हवा. वॅटच्या मागे मात्र धावू नका. तुमच्या यादीतला ६५ वॅट वर्गातला एएमडी प्रोसेसर पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत जातो, कार्ड ११५ वॅटचं आहे, बाकी सगळं मिळून पन्नासेक धरा. अडीचशेच्या आसपास. चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा पुरून उरतो. भीतीपोटी ७५० चा घेणं हा निव्वळ जादा खर्च. तर ५ ऐवजी ८ धरू. एकूण १०४.

तुमच्या बजेटमध्ये तयार संगणक स्वस्त पडतो याचं कारण साधं आहे. कंपन्या सुटे भाग आणि लायसन्स घाऊक घेतात, आणि लायसन्स, कॅबिनेट, एसएमपीएस हे खर्च संगणक लहान असो की मोठा, फारसे हलत नाहीत. बजेट जितकं कमी तितका या ठरीव खर्चाचा वाटा मोठा. बजेट वाढून त्यातला मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डात जाऊ लागला, की पारडं सुट्या भागांकडे झुकतं.

मग कंपनी काटकसर कुठे करते? जिथे जाहिरातीत दिसत नाही तिथे. १६ जीबी रॅम लिहिलेली असते, पण ती एकाच पट्टीत. दोन पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळाल्या असत्या. एका पट्टीत मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. एसएमपीएस आहे त्या भारापुरताच असतो, आणि कार्ड नसलेल्या मॉडेलांत कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची तार त्याला बहुधा नसते. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, त्याहून भुकेलं कार्ड पुढे लावता येत नाही. काही मॉडेलांत तर मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा जोड नसून कंपनीचा स्वतःचा असतो. मग बाजारातला एसएमपीएस बसत नाही आणि जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्डही बसत नाही. तयार संगणकाचं मॉडेल ठरवण्याआधी विक्रेत्याला विचारा: रॅमच्या खाचा किती आणि पट्ट्या किती, एसएमपीएस प्रमाणित एटीएक्स (बाजारात सर्रास मिळणाऱ्या मापाचा) आहे का, दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का, आणि झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का. उत्तर लेखी घ्या.

हप्त्यांचा विचार सोडाच. सपाट १२ टक्के म्हणजे १०० वर वर्षाचे १२, बारा हप्त्यांत ११२. पण १०० तुमच्याकडे वर्षभर राहतात कुठे? दर महिन्याला फेड होत असल्याने सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम वापरायला मिळते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बाजूला ठेवलेल्या पैशांवर एवढं खात्रीचं उत्पन्न कुठेच मिळणार नाही. ‘बिनव्याजी’ हप्ता समोर आला तर रोखीने घेणाऱ्याला किती सूट आहे ते आधी विचारा. जी सूट हप्तेवाल्याला नाकारली जाते, तेच त्याचं व्याज.

आता माझं मत. तुमच्यासाठी सुट्या भागांचा संगणक स्वस्त नाही, तरीही मी तोच सुचवेन. कारण तो दोन टप्प्यांत विकत घेता येतो, आणि मधल्या काळाचं व्याज कुणाला द्यावं लागत नाही. हिशेबाच्या कामाला ग्राफिक्स कार्डाची गरज शून्य आहे. ते २९ तुम्ही व्हिडिओच्या कामासाठी घालता आहात, आणि ते काम आत्ताशी सुरू झालंय. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर साधं व्हिडिओ संपादन होतं. अंतिम फाइल तयार व्हायला वेळ लागेल, पण अडणार नाही. त्या कामातून कार्डाएवढी रक्कम खरोखर जमा झाली की मग कार्ड.

त्यासाठी यादीत दोन बदल. तुम्ही निवडलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. इंटेलमध्ये अशा मॉडेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलट, ‘जी’ असलेल्यांतच ग्राफिक्स असतं. ग्राफिक्सवाला घ्यायला २ जास्त जातील. पुढे कधी कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तरी पडदा चालू राहील आणि महिनाअखेरचे हिशेब थांबणार नाहीत, यासाठी ते २ देणं मला अजिबात जड वाटत नाही. दुसरं, रॅम १६ च्या दोन पट्ट्या, एकूण ३२ जीबी; ७ आणखी. १०४ मधून कार्डाचे २९ वजा केले की ७५, त्यात हे ९ मिळवून ८४. हातात १६ उरतात. त्यातले ४-५ बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअपसाठी घाला, उरलेल्यांना, भाग परत करण्याची मुदत संपेपर्यंत, हात लावू नका.

पुढे कार्ड घेतलंत तर एकूण ११३ होतात, तयार संगणकापेक्षा १३ जास्त. पण त्यात दुप्पट रॅम आहे, आणि कॅबिनेट व एसएमपीएस मिळून १५ चा ऐवज पुढच्या संगणकातही चालेल. कार्ड लागलंच नाही, तर ते २९ खर्चच झाले नाहीत.

लायसन्सच्या ११ बद्दल एक गोष्ट तपासा. जुन्या संगणकावरचं विंडोज वेगळं विकत घेतलेलं, म्हणजे रिटेल असेल, तर ते जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं. संगणकासोबत आलेलं ओईएम असेल तर ते त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. आणि मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शात मिळणाऱ्या ‘की’च्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच संस्थांना घाऊक दिलेल्या लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि पुढे केव्हाही बंद पडू शकतात. लिनक्स फुकट आहे, पण तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का हे आधी पाहा.

सुटे भाग घेताना तुम्ही एक जोखीम अंगावर घेता, तीही पैशात मोजली पाहिजे. तयार संगणक बंद पडला तर एकच दार ठोठावायचं असतं. सुट्यांमध्ये आधी दोष कुणाचा ते तुम्ही शोधायचं, मग त्या भागाच्या कंपनीकडे जायचं. बदल्यात मुदती लांब असतात: एसएसडीला बहुधा तीन ते पाच वर्षं, रॅमला अनेकदा आयुष्यभर, तयार संगणकाची मूळ वॉरंटी कित्येकदा एकाच वर्षाची. पण वॉरंटीत भाग बदलून मिळतो, मधले दिवस मिळत नाहीत. म्हणून जुना संगणक विकू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे रोजच्या वापराला तो नको. पण अडीअडचणीला बॅकअपमधली फाइल उघडून काम पुढे ढकलण्यापुरता राहू द्या.

भाच्याने जोडून द्यायला हरकत नाही. फक्त तो बिघाडाची जबाबदारीही घेणार का, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पैशांबरोबर नातंही खर्ची पडतं. त्याला वेळ नसेल तर तुम्ही निवडलेले भाग विक्रेत्याकडूनच जोडून, चालवून घ्या. मजुरी लागते, पण चालू न होणाऱ्या संगणकाची डोकेदुखी त्याची.

खरेदीत होणारी मोठी चूक म्हणजे सवलत दिसेल तसा एकेक भाग सहा महिने गोळा करत राहणं. शेवटचा भाग येऊन संगणक सुरू करायला जावं, तेव्हा पहिल्यांदा घेतलेला मदरबोर्ड मृत निघतो आणि परतीची मुदत कधीच उलटलेली असते. सगळे भाग एका आठवड्याच्या आत मागवा. खोके जपून ठेवा, बिलांचे आणि भागांवरच्या अनुक्रमांकांचे फोटो काढा.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यावर चालू करून पाहावा. २४ पिनांच्या जोडाशिवाय प्रोसेसरजवळ आठ पिनांचा वेगळा जोड असतो. तो विसरला तर पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. पंख्याच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ पट्टी सोलायची राहून जाते आणि प्रोसेसर तापून मंदावतो. चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असेल तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहणं स्वाभाविक आहे, संगणक रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच बटण दाबू नये. सॉकेटमधली वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून प्रोसेसर बसवताना जोर नको. एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या तारा दुसऱ्या एसएमपीएसच्या कधीही वापरू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असते, आणि एसएसडी क्षणात जळू शकते.

चालू झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करा, नाहीतर जास्त वेगाची म्हणून पैसे मोजलेली रॅम मूळ कमी वेगानेच चालत राहते. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी परत. हिशेबाच्या संगणकावर रॅमची चूक कुरकुर न करता आकडे बिघडवू शकते.

ऑर्डर देण्याच्या दिवशी सगळे दर पुन्हा काढा, विशेषतः रॅमचे. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं जशी महागली तशी २०२५ च्या अखेरीपासून मेमरी महागली: डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि भाव झपाट्याने चढले. अशा वेळी जुन्या साठ्यातल्या रॅमवर बनलेला तयार संगणक खरोखर स्वस्त पडू शकतो. ३२ जीबीचे १४ ऐवजी ३० झाले, तर माझा ८४ चा आकडा १०० वर जातो आणि कार्डही नाही. तेव्हा १६ च्या एकाच पट्टीवर सुरुवात करा, किंवा सरळ तयार संगणक घ्या, पण प्रमाणित एटीएक्स एसएमपीएसवाला.

व्हिडिओचं काम टिकेल याची खात्री नसेल तर तिसरी वाटही आहे: कार्यालयांतून निघालेला, तपासून पुन्हा विकलेला डेस्कटॉप. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा (२२००जी आणि २४००जी सोडून) प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, त्याखालचे जवळपास सगळे विंडोज ११ च्या यादीत नाहीत. एसएसडी नवी घाला. हिशेबाला तो वर्षानुवर्षं पुरेल. अरुंद कॅबिनेटचा असेल तर पुढे मोठं कार्ड बसणार नाही, एवढं धरून चला.

खरेदी झाली की पुढच्या महिन्यापासून दरमहा दीड-दोन पुढच्या संगणकासाठी वेगळ्या खात्यात टाका. हा संगणक पाच वर्षं धरून ८४ ला ६० महिन्यांनी भागलं तर १.४ येतात, वरचे दुरुस्तीला. व्हिडिओच्या कामाचे पैसे त्यात मिसळू नका. ते वेगळे जमू द्या, आणि तिथे २९ झाले की कार्ड घ्या. त्या दिवशी पडद्याची तार मदरबोर्डावरून काढून कार्डाच्या मागच्या जोडात लावायला विसरू नका, नाहीतर पडदा काळा राहील किंवा जुन्याच अंगभूत ग्राफिक्सवर चालत राहील.