‘परशुराम’ हे १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेलंच डकोटा आहे का?

तुमचा प्रश्न असा की, हवाई दलाचं ‘परशुराम’ डकोटा (जुन्या काळचं दोन इंजिनांचं वाहतूक विमान) म्हणजे १९४७ साली श्रीनगरला उतरलेलं तेच विमान का? त्यावरचा व्हीपी ९०५ हा नंबर पाहून मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. पण नाही. नंबर तोच आहे, विमान ते नाही.

मूळ व्हीपी ९०५ हे २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी १ शीख पलटणीचे जवान घेऊन दिल्लीहून निघालं. श्रीनगरला तेव्हा धड विमानतळही नव्हता, नुसती धुळीची पट्टी. ती काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या हाती पडली आहे की नाही, हेही निघताना नक्की ठाऊक नव्हतं. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्ल्याच्या बाजूला लढताना धारातीर्थी पडले.

डकोटा जमिनीवर शेपूट टेकून उभं असतं. एका संग्रहालयात मी अशा विमानात शिरलोय. मागच्या दारातून कॉकपिटकडे जायचं म्हणजे चक्क चढण लागते, रिकाम्या हातानेही कशाला तरी धरावंसं वाटतं. जवान तर शस्त्रं आणि सामानासकट चढले होते. पुढे २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लष्कराचे जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन असंच एक डकोटा लेहला उतरवलं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही आणि धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंचावर! मला विचाराल तर श्रीनगरपेक्षा हे उड्डाण जास्त थरारक.

आता ‘परशुराम’. याची बांधणी १९४४ ची, आधीची नोकरी ब्रिटिश हवाई दलात. २०११ मध्ये ते आयर्लंडमध्ये भंगारात सापडलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. १७ एप्रिल २०१८ ला ते कॉव्हेंट्रीहून निघालं आणि मजल दरमजल करत जामनगरला पोचलं. जहाजात भरून नाही, स्वतः उडत! ४ मे ला दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावर ते रीतसर दाखल झालं.

जुना नंबर रंगवणं म्हणजे फसवणूक, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतो, तसंच हे. फक्त नातवालाच आजोबा समजू नये. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी ते राजपथावरून उडालं, दोन्ही बाजूंना एकेक हेलिकॉप्टर घेऊन.