विक्षिप्त म्हणजे वेडा नव्हे

"घरातल्या एकाला सगळे विक्षिप्त म्हणतात, म्हणजे तो वेडा का, आणि हा शब्द आला कुठून" असं विचारलंय तुम्ही. माझ्या वडिलांना हा शब्द आयुष्यभर ऐकावा लागला म्हणून लिहायला बसलो.

शब्द संस्कृत आहे. क्षिप् म्हणजे फेकणं, त्याच्या आधी वि लागला की इकडेतिकडे फेकलेलं, विखुरलेलं. आक्षेप, संक्षिप्त, प्रक्षेपण हे सगळे त्याचेच भाऊबंद. हिंदीत विक्षिप्त म्हणजे वेडाच, पण मराठीत चारचौघांसारखं न वागणारा, तऱ्हेवाईक. हा फरक न कळणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, पावसाळाभर नाशिकच्या गोदाघाटावर जायचे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती वाजता नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला कधी, छातीला कधी, सगळं वहीत लिहायचे. एका श्रावणात मामांच्या नातवाचं बारसं होतं, पंगत बसलेली, आणि अण्णांना कुणीतरी फोन केला की पाणी चढतंय, तर हे ताट तसंच ठेवून छत्री घेऊन निघाले. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी विक्षिप्तच आहेत आमचे, ताईनं कसे दिवस काढले तिलाच माहीत." आई खाली मान घालून वाढत राहिली. मी बावीस वर्षांचा होतो, तोंडातून शब्द फुटला नाही. पण २०१६च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सराफ बाजारातले लोक सकाळपासून अण्णांनाच फोन करत होते की माल वरच्या मजल्यावर न्यायचा का.

मामा पंचांग बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्याच पंचांगामागच्या जुन्या गणितात चंद्र सूर्याच्या वाटेपासून बाजूला सरकतो त्याला याच क्षिप् वरून विक्षेप म्हणतात, जास्तीत जास्त पाचेक अंश. तो सरकला नसता तर दर अमावस्येला आणि पौर्णिमेला ग्रहण लागलं असतं. आणि योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या म्हणजे मनाच्या पाच अवस्था दिल्यात, खालून वर क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त तिसरी, म्हणजे मन भटकतं पण मधूनमधून एका जागी ठरतं. एकाग्रच्या फक्त एक पायरी खाली! क्षिप्त आणि मूढ तिच्याही खाली, आणि पंगतीत बहिणीच्या नवऱ्याची लाज काढणारा माणूस कुठल्या पायरीवर बसतो ते ज्याचं त्यानं बघावं.

हां, तुमच्या घरातला माणूस रात्ररात्र झोपत नसेल, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर तो आजार असू शकतो, त्याला विक्षिप्त म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या. पण नुसताच वेगळा वागत असेल तर एकदा शेजारी बसून विचारा की तू हे का करतोस. आमच्याकडे अण्णांना हे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा फार उशिरा विचारलं.

अण्णांच्या एकोणीस वह्या माझ्याकडे आहेत. मामांना बघायच्या असतील तर पंचवटीतल्या घरी यावं, मी दाखवीन.