इतक्या थंडीत स्फोट कसा?

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हणजे अतिशय थंड केलेल्या, एकाच अवस्थेत गेलेल्या अणूंचा ढग; त्यातले अणू जवळपास थिजलेले असतात असं वाचलं. मग तोच ढग कोसळून त्याचा स्फोट होतो म्हणतात, तो कसा? आणि लिथियमचा ढग हजारभर अणूंच्या पुढं का वाढत नाही?
— एक विद्यार्थी, जिंतूर

उत्तर : 'थिजलेले' या शब्दानंच घोटाळा केलाय. अणूला जेवढं कोंडशील तेवढा तो चुळबुळ करतो, मग थंडी कितीही असो. ढगाला सावरून धरते ती हीच चुळबुळ.

1995 मध्ये कॉर्नेल आणि वीमन या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेत बोल्डरला रुबिडियम-87 चं कंडेन्सेट केलं. ते अणू एकमेकांना जरा ढकलतात, त्यामुळं ढग कितीही मोठा केला तरी कोसळत नाही. लिथियम-7 चे अणू एकमेकांना ओढतात. अणू वाढले की ओढ वाढते, आणि एका आकड्यानंतर चुळबुळ कमी पडते.

आकडा तूच काढ. अणूंना कोंडून धरणाऱ्या चुंबकीय सापळ्यातल्या ढगाची रुंदी धर 3 मायक्रोमीटर, म्हणजे 3000 नॅनोमीटर. लिथियमच्या ओढीचं माप 1.45 नॅनोमीटर. भागाकार कर, गोल सापळा धरून 0.57 नं गुण. बाराशेच्या आसपास येतं की नाही? अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ह्यूलेट यांच्या गटानं 1997 मध्ये मोजलं, तेव्हा अणू 650 ते 1300 च्या दरम्यान भरले. वहीतलं गणित प्रयोगशाळेत असं जुळलं की मला अजून मजा वाटते.

मी अंबाजोगाईला शिकवायचो तेव्हा घरची पोचा पडलेली पितळी परात वर्गात नेली होती. पोच्यात एक बोर ठेवलं आणि परात हळूहळू कलती केली. बोर बराच वेळ जागचं हललं नाही. कल वाढला तसा पोचा उथळ होत गेला, आणि एका क्षणी बोराला अडवणारा काठच उरला नाही. अणू वाढवणं म्हणजे परात कलती करणं. प्रयोग पुन्हा दाखवता आला नाही, कारण घरंगळलेलं बोर पुढच्या बाकावरच्या पोरानं खाऊन टाकलं.

आता स्फोट. 2001 मध्ये बोल्डरलाच रुबिडियम-85 घेतलं, म्हणजे रुबिडियमचाच जरा हलका अणू. याची गंमत अशी की चुंबकीय क्षेत्र बदललं की अणूंचं ढकलणं ओढण्यात बदलतं. तसं एकदम बदललं, तर ढग लगेच कोसळला नाही. काही मिलिसेकंद तसाच राहिला, मग आत ओढला गेला. मध्यभागी दाटी झाली की तीन अणूंच्या टकरीत दोघांची जोडी जमते, रेणू होतो, आणि ते अणू सापळ्यातून जातात. काही अणू बाहेर उधळले, थोडे मागं उरले, काही हिशोबात सापडलेच नाहीत. ताऱ्याच्या स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात, त्यावरून याला नाव दिलं बोसनोव्हा. मला ते जरा भपकेबाज वाटतं. उधळलेले अणूसुद्धा निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तेवढ्या कमीत कमी तापमानाच्या, वर अंशाच्या दहा लाखाव्या भागाइतकेही तापलेले नव्हते. बोट लावलंस तर ढगच भाजेल.

लिथियमचं रडगाणं निराळं. तिथं आजूबाजूच्या वायूतून अणू येत राहतात, ढग भरतो, कोसळतो, आणि उरलेल्या मूठभर अणूंवर पुन्हा भरायला लागतो.