नवा कॉकटील पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून हलत नाही, हात नेला की फिस्कारतो, काय करू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आला. तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला कॉकटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट, आणला, तो मागच्या कोपऱ्यात चिकटून बसतो, हात आत घातला की तुरा पाडून फिस्कारतो, एकदा चावलाही. मुलगी रुसलीय. आणि दुकानदार म्हणाला, दोन दिवस दाणे बंद ठेवा, आपोआप हातावर येईल.

आधी तेच सांगतो. दाणे बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. कॉकटीलचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलपेक्षा निम्मंच. एवढ्याशा अंगात साठवण ती किती असणार? नव्या जागेच्या धास्तीनं तो आधीच कमी खात असतो, त्यात तुम्ही वाटी काढून घेतली तर तो माणसाळणार नाही, गळून जाईल. आणि समजा भुकेपोटी आलाच हातावर, तरी तो दाण्याकडे आलेला असेल, तुमच्याकडे नाही. वाटी भरली की पुन्हा कोपरा.

मला हाच सल्ला मिळाला होता. तो मी ऐकला नाही, पण दुसरी चूक केली. मी रेल्वेत, भुसावळला राहतो, पाळीचं काम. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो की झोपण्याआधी अर्धा तास पक्ष्याला 'सवय लावायचा' कार्यक्रम. चौथ्या दिवशी टॉवेल टाकून त्याला धरला आणि बळंच बोटावर बसवला. व्हिडिओत बघितलं होतं. तो थरथरत बसला, मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत पाऊल टाकलं तरी पिंजऱ्यात नुसता फडफडाट. त्यात मी चमकपट्ट्यांचं भगवं जाकीट घालूनच आत जायचो, ते त्याला आणखी भयंकर वाटत असावं. पुढे कितीतरी दिवस जाकीट दिसलं की तो जाळीवर आदळायचा. इंजिनाच्या शिट्ट्या दिवसरात्र ऐकून त्याला काही वाटलं नाही, जाकिटाची मात्र दहशत.

त्याला खरं माणसात आणलं माझ्या आईनं, आणि तिला तर पक्षी पाळायची हौसच नव्हती. दुपारी ती पिंजऱ्यापासून पाच-सहा फुटांवर जमिनीवर बसायची, मेथी निवडायची, तांदूळ पाखडायची, आणि तोंडानं तिचं अहिराणी चालू. "काय करी ऱ्हायना रे भो?" म्हणजे 'काय करतोयस रे भाऊ?', एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुपात डोकं. मी म्हटलं, आई, तो तुझ्याकडे बघतोय. ती म्हणाली, "राहू दे, लागी जाई त्यानं मन."

नंतर माझ्या लक्षात आलं की ती नकळत सगळं बरोबर करत होती. पक्ष्यांच्या जगात दोन्ही डोळे समोर रोखून बघणारा म्हणजे शिकारी: मांजर, शिक्रा. आपणही कौतुकानं तसेच बघतो, वरून वाकून, तोंड जाळीला लावून. आई बघतच नव्हती. ती खाली बसलेली, अंग तिरकं, हात तिच्या कामात, आवाज एकसारखा. रोज त्याच वेळी यायची, तसंच करायची, निघून जायची. पक्ष्याला तेवढंच कळायला हवं असतं: ही बाई आली की काय होतं? काही होत नाही.

म्हणून तुमच्या मुलीला सांगा, पंधरा दिवस हात लावायचा नाही, पण संध्याकाळचा अभ्यास त्याच्या खोलीत बसून करायचा. धडा मोठ्यानं वाचला तर फारच छान. पहिल्या दिवशी तो ज्या अंतरावर ताठ न होता बसू शकेल तिथं बसायचं, मग रोज वीतभर जवळ. तो मागे सरकला की तिनंही मागे सरकायचं. हे 'मागे सरकणं' लहान वाटतं, पण सगळं गाडं त्यावरच चालतं. आपण नको म्हटलं तर समोरचा ऐकतो, हे एकदा कळलं की त्याला फिस्कारायची गरज उरत नाही.

त्याचा तुरा वाचायला शिका. तुरा डोक्याला चपटा चिकटलेला, चोच उघडी, फिस्स आवाज: भीती आहे, थांबा. तुरा काटकोनात ताठ उभा: दचकलाय किंवा कसला तरी कानोसा घेतोय. तुरा मागे कललेला, फक्त टोक वर वळलेलं: निवांत. तुमच्यासमोर दाणे टिपले, पिसं साफ केली, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला, एका बाजूचा पंख आणि पाय एकदमच ताणून आळस दिला, तर पुढची पायरी चढायला हरकत नाही. झोपेआधी चोच घासल्याचा किर्रकिर्र आवाज येतो, तोही समाधानाचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं याला काही झालंय.

आता एक गोष्ट नीट बघून घ्या, कारण 'लाजरा आहे' म्हणत लोक आजारी पक्षी अंगावर काढतात. भ्यालेला पक्षी सडपातळ दिसतो, पिसं अंगाशी घट्ट, डोळे टक्क उघडे. पण जो दिवसाही पिसं फुलवून गोळा होऊन बसतो, डोळे मिटतो, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून राहतो, श्वासागणिक शेपूट वरखाली होते, तो घाबरलेला नाही, आजारी आहे. पक्षी दुखणं शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे हे दिसलं तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे. जमलं तर किचनच्या काट्यावर दर दोन-तीन दिवसांनी सकाळी वजन घ्या, डब्यासकट तोलून डबा वजा करा. विष्ठाही बघा, वाटीवरची टरफलं फसवतात, पोटात काय गेलं ते खाली पडलेलं सांगतं.

पिंजरा कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. खोलीच्या मधोमध किंवा येण्याजाण्याच्या वाटेत असेल तर हलवा. एक बाजू भिंतीला, उंची साधारण तुमच्या छातीएवढी, घरातली माणसं दिसतील पण अंगावरून जाणार नाहीत अशी जागा. घराबाहेरच्या ओट्यावर टांगू नका, मांजर आणि कावळे दोन्ही येतात. दांड्या गुळगुळीत प्लास्टिकच्या असतील तर काढा आणि पेरूची किंवा कडुनिंबाची, कमीजास्त जाडीची फांदी धुऊन, वाळवून लावा. पाय नीट रोवता आला की पक्षी निम्मा धीट होतो.

स्वयंपाकघरात तर अजिबातच नको. आपल्याकडच्या फोडणीचा ठसका माणसाला लागतो, मग पक्ष्याचं काय होत असेल? त्याची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक. नॉनस्टिक भांडं रिकामं तापून धुरावलं तर त्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतो, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. मच्छर कॉइल, धूप, अगरबत्ती त्याच्या खोलीत नको. आमच्याकडे थंडीत मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतात. पहिल्या वर्षी धूर घरात शिरला आणि याची शेपूट वरखाली व्हायला लागली. मी पिंजरा उचलून पुढच्या खोलीत पळालो. आता वांगी भाजायच्या आधी त्याची रवानगी होते, मग काड्या पेटतात.

उन्हाळ्याचंही आताच सांगून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून तो धापतो. कूलरचा झोत सरळ अंगावर नको, पण खोली थंड हवी, आणि पसरट ताटलीत पाणी ठेवा, स्वतःच अंघोळ करेल. बाहेर सोडण्याचा सराव पहाटे करा, कारण पक्षी बाहेर असताना सीलिंग फॅन बंद ठेवावाच लागतो. विसरू नका. उडता पक्षी चालू पंख्यावर आदळू शकतो.

आता हाताचं. तो तुमच्यासमोर निवांत खायला लागला की बाजरीचं कणीस आणा. दुकानात राळ्याची कणसं मिळतात, 'मिलेट स्प्रे' म्हणून महाग विकतात, पण आपल्याकडे शेतातलं बाजरीचं कणीस काय वाईट? फक्त फवारणी न केलेल्या, ओळखीच्या शेतातलं घ्या. हे कणीस एरवी वाटीत टाकायचं नाही. ते फक्त तुमच्या हातातून मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. रोजचं खाणं मात्र भरपूर: बाजरी, राळा, थोडी कोवळी मेथी-पालक, किसलेलं गाजर, उकडलेला मका. सूर्यफूल चिमूटभरच. चहा, चॉकलेट, खारे शेंगदाणे, शेव, यातलं काही नाही, आणि अवोकाडो तर विषच.

पहिल्या दिवशी लांब काडीचं कणीस जाळीतून आत धरायचं, तुमची बोटं बाहेर. घेतलं नाही तर एका मिनिटात हात मागे, रागवायचं नाही, उद्या पुन्हा. घ्यायला लागला की काडी रोज थोडी आखूड करायची, मग दार उघडून तेच, मग हात आत पण स्थिर, आणि कणीस अशा ठिकाणी की पोचायला एक पाय बोटावर टेकवावा लागेल. बोट त्याच्या पायांच्या जरा वर, पोटाच्या खालच्या बाजूला आडवं धरायचं. ढकलायचं नाही. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा, आणि तो कंटाळण्याआधी तुम्हीच थांबायचं.

आमच्या 'भो'नं (आईच्या हाकेवरून तेच नाव पडलं) हातातून खायला तीन आठवडे घेतले, बोटावर चढायला अडीच महिने. त्यातले बरेच दिवस माझ्या टॉवेलचं कर्ज फेडण्यात गेले. तुमच्याकडे लवकर होईल, नाहीतर आणखी लागतील. पिल्लू असतानाच हातानं भरवलेला पक्षी आठवड्यातही येतो.

चावला तर? हात झटकू नका, ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका. झटकलं की एकतर तो पडतो, नाहीतर चावलं की हात जातो हे शिकतो. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर टेकवा आणि आठवून बघा, चावण्याआधी तुरा काय सांगत होता? बहुतेक वेळा त्यानं आधी दोनदा सांगितलेलं असतं. पंख कापून घ्या म्हणणारेही भेटतील. माझं मत विरोधात आहे: ज्याला पळता येत नाही त्याच्या हातात चावणं एवढंच उरतं.

रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या, पण मिट्ट काळोख नको. कॉकटील रात्री दचकून पिंजराभर आदळतात, ही या जातीची जुनी खोड. भिंतीवरची पाल, एखादी सावली, अचानक गेलेली लाईट, काहीही पुरतं. आम्ही झिरोचा बल्ब लावायचो, पण लाईट गेली की तोही जायचा आणि नेमका तेव्हाच गोंधळ. आता बॅटरीवरचा छोटा दिवा आहे. आदळलाच तर आधी दुरून बोला, मग उजेड करा, पिंजऱ्यात हात घालू नका.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही पण हे वाचणारे विचारतील. तुमचा कॉकटील ऑस्ट्रेलियाकडचा, पाळायला अडचण नाही. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला राघू किंवा सातपुड्यातून पकडून आणलेला मोठा पहाडी पोपट पाळणं मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, बाजारात कितीही उघड विकत असले तरी. कोणाकडे असेल तर सरळ आकाशात सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला जगत नाही; वनविभागाला 1926 वर फोन करा. सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पोपटांची केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. कॉकटील आणि बजरीगर त्या यादीत येत नाहीत.

तुमच्या मुलीला एवढं सांगा की पक्षी तिच्यावर रुसलेला नाही, तिला अजून ओळखत नाही. आणि शेवटी तो कोणाला निवडेल ते आपल्या हातात नसतं. पिंजरा मी धुतो, दाणे मी आणतो, डॉक्टरकडे मी नेतो. दुपारी आई सूप घेऊन बसली की 'भो' तिच्या खांद्यावर उतरतो, कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो आणि निवडलेले तांदूळ उधळतो. माझ्याकडे येतो तो हातात कणीस असेल तर.