‘साफसूफ’ की ‘छाटणी’?

प्रश्न असा आहे: योहानाच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, येशू स्वतःला खरा द्राक्षवेल आणि पित्याला माळी म्हणतो. फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून हा माळी त्याला ‘साफसूफ’ करतो, असे प्रचलित मराठी बायबल सांगते. वेलीची तर छाटणी होते, मग ‘साफसूफ’ का?

मलाही हा शब्द खटकायचा. साफसूफ म्हटले की माळा नाहीतर कपाट डोळ्यांपुढे येते. पण मूळ ग्रीक क्रियापद ‘काथाइरो’, म्हणजे स्वच्छ करणे, आणि वेलीची नको ती फूट काढणेही. ‘काथारोस’ म्हणजे स्वच्छ. साहित्यसमीक्षेतले कॅथार्सिस (साचलेल्या भावनांचा निचरा), आपले विरेचन, त्याच घरातले. लगेच पुढच्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की माझ्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात, आणि तिथे हेच ‘काथारोस’ आहे. फाट्याचे जे होते तेच माणसांचे झाले आहे. ‘छाटणी’ घेतली तर शिष्यांना ‘तुम्ही छाटलेलेच आहात’ म्हणायची पाळी येईल! शिवाय मराठीत झाड ‘साफ’ होतेच: माड साफ केला म्हणजे वाळक्या झावळ्या उतरवल्या. तेव्हा ‘साफ करतो’ चालेल. ते ‘सूफ’ मात्र केरसुणी घेऊन येते.

आणखी एक गंमत हातची निसटते. निष्फळ फाट्याला माळी ‘आइरेइ’ (काढून टाकतो), फळत्याला ‘काथाइरेइ’. कानाला जवळजवळ यमक. मराठीत ते साधायचे तर मी ‘छाटून टाकतो’ आणि ‘छाटून घेतो’ म्हणेन. कात्री दोघांनाही लागते, फरक फक्त ‘टाकणे’ आणि ‘घेणे’ यांत. अर्थात मग पुढच्या ‘शुद्ध’शी धागा तुटतो.

जाता जाता ‘माळी’. इथे ग्रीकात ‘गेओर्गोस’ आहे, म्हणजे जमीन कसणारा. २०व्या अध्यायात येशूची अनुयायी मग्दालीया मरीया कबरीपाशी मेलेल्यांतून उठलेल्या येशूला ओळखत नाही, बागेची निगा राखणारा समजते. तिथे शब्द वेगळा, ‘केपुरोस’. मराठीत दोन्हीकडे माळीच. भाषांतर म्हणून हे ढोबळच, पण मराठी वाचकाला तिथे १५व्या अध्यायातला पिता आठवतो. ग्रीक वाचकाला हा दुवा शब्दातून मिळत नाही.